एचएफ गाय सारखी उलटते, गीरची कांडी भरू का?

तबेला_गोरेगाव
आरेतला तबेला. म्हशींच्या जोडीला सहा एचएफ (होल्स्टीन फ्रीजियन) संकरित गायी, विदेशी रक्त 75 टक्के. दूध भरपूर, पण तीन-तीन कांड्या (गोठवलेल्या वीर्याच्या नळ्या) भरूनही उलटतात, म्हणजे गाभण न राहता परत माजावर येतात. गोचीड हटत नाही. पुढची पैदास काटक हवी. देशी गीर भरू की विदेशी जर्सी?

रेतन_किट
कांडीने पुढची कालवड बदलते, आज उलटणारी गाय नाही. तिचं आधी बघा. तबेल्यात गाय बांधलेली, माजावर आली तरी दुसरीवर उडताना दिसणार कशी? त्यात उकाड्यात माज मुका (खुणा न दाखवणारा), बहुतेक रात्रीचा. पहाटे धारेआधी आणि रात्री दहाला शेपटीखाली बघा. काचेसारखा, लोंबणारा सोट (चिकट स्राव) हवा. सकाळी दिसला तर संध्याकाळी भरायची, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी. सोटात पू असेल तर कांडी वाया घालवू नका, आधी डॉक्टरांकडून गर्भाशयाचा इलाज.

भरणाऱ्यावरही नजर ठेवा. कांडी 37 अंशांच्या पाण्यात 30 सेकंद, मग कोरडी पुसून रेतनाच्या गनमध्ये. तळहातावर चोळून वितळवणारे आहेत, तिथेच बरंच बीज मरतं. पुसली नाही तर कापताना पाण्याचा थेंब आत जातो, तोही मारकच.

दूध_हिशेब
75 टक्केवालीला गीर भरलीत की कालवड साडेसदतीस टक्क्यांची. गोचीड आणि दमट उकाडा सोसेल, पण दूध उतरेल आणि पहिला माजही उशिरा. विकतच्या चाऱ्यावर ते परवडतंय का बघा. जर्सीने फॅट वाढेल, विदेशी रक्त मात्र साडेसत्याऐंशीवर जाईल. गोचीड तिथल्या तिथेच. मी तर राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या फुले त्रिवेणी या संकरित जातीची कांडी घेईन.

रेतन_किट
त्रिवेणीत एचएफ 50, जर्सी 25, गीर 25. म्हणजे विदेशी रक्त 75च, तुमच्या गायीवर आकडा हलतच नाही. एचएफ-गीर अर्ध्या-अर्ध्या वळूची कांडी मिळवा, वासरू साडेबासष्टवर येतं. मुंबईच्या हवेला तेवढंच पुरे. पण संकराचा खरा जोम पहिल्या पिढीत. संकरित-संकरित जुळवत गेलात की तो ओसरतो. त्यात नात्यातली जुळणी नको, म्हणून सगळ्या सहांना एकच वळू नको. आणि कांडीवरचा वळू नंबर त्याच दिवशी वहीत लिहा. नाहीतर दोन-तीन वर्षांनी लेकीला बापाचीच कांडी भरली जाते.

तबेला_गोरेगाव
वही आजच घालतो. दोन गायींचा सोट पांढुरका आहे, त्यांना आधी डॉक्टर.