नवरीचा पोर्ट्रेट स्टेजवर काढणं बंद करा, मुहूर्ताआधी वीस मिनिटं द्या

खिडकीवाला_सांगली
स्पष्टच लिहितो. एका लग्नात दोन-दोन हजार फोटो निघतात आणि त्यात नवरीचा एक धड पोर्ट्रेट नसतो, कारण सगळं स्टेजवर उरकायचं. वर एलईडी, बाजूला व्हिडिओवाल्याचा हॅलोजन, मागे डेकोरेशनचा गुलाबी लाइट, म्हणजे एका गालावर ३२०० केल्विनचा पिवळा उजेड, दुसऱ्यावर ५५०० चा पांढरा, आता व्हाइट बॅलन्स (कुठला उजेड पांढरा धरायचा ते कॅमेऱ्याचं सेटिंग) कुठला लावायचा सांगा.

वधूपक्षाच्या खोलीत खिडकी असते. आधी ट्यूब बंद करा, हे कुणीच करत नाही. खिडकीपासून तीन-चार फुटांवर नवरीला जरा तिरकी बसवा, ८५ मिमीची लेन्स, फोकस जवळच्या डोळ्यावर. २४ मिमीच्या वाइड लेन्सनं जवळ जाऊन काढला की नाक मोठं येतं आणि मग दोष मुलीला. गेल्या सीझनला एका मावशींनी दुसऱ्या बाजूनं पांढरा टॉवेल धरला होता, तेवढ्यानं गालावरची काळी सावली उठली आणि नथीच्या मोत्यात चक्क खिडकी दिसत होती!

वधूमाय
दादा, वीस मिनिटं आणायची कुठनं? आमची पोर पहाटे चारला उठलेली, अडीच तास मेकअप, पोटात चहाशिवाय काही नाही. फोटोग्राफर दहा मिनिटं म्हणाला आणि पाऊण तास घेतला, गुरुजी गौरीहराला हाका मारतायत, मामा दोनदा दारात येऊन गेला. शेवटी गौरीहर कसाबसा उरकला. त्याचं मला आजही वाईट वाटतं, फोटो कितीही छान आले असले तरी.

लॉनवाला
ताईंशी सहमत. आणि खिडकी खिडकी काय लावलंय, गोरज मुहूर्त असला की बाहेर उजेड उतरलेला, लॉनवरच्या त्या खोलीत गाद्या आणि खुर्च्या रचलेल्या. तिथं एक सॉफ्टबॉक्स (पांढऱ्या कापडातून मऊ उजेड देणारा लाइट) बाजूनं, डोळ्यांच्या जरा वर, काम होतं. सॉफ्टबॉक्स नसेल तर फ्लॅश पांढऱ्या भिंतीवर मारा, तोंडावर नको. माझं तर म्हणणं वेगळं पोझिंगच नको. गौरीहराला ती अन्नपूर्णेपुढे एकटी बसलेली असते, एकेक चिमूट तांदूळ वाहत, नजर खाली. असा चेहरा "मॅडम इकडे बघा" म्हणून मिळत नाही.

मेकअपताई_नाशिक
फ्लॅशबद्दल एक. सनस्क्रीनवाल्या फाउंडेशनमध्ये टायटॅनियम डायऑक्साइड किंवा झिंक ऑक्साइड असलं की समोरून फ्लॅश पडल्यावर चेहरा पांढराफटक दिसतो, मान वेगळी, तोंड वेगळं. मेकअप झाला की फ्लॅश मारून एक टेस्ट फोटो काढा, तेव्हा मला दोन मिनिटांत सुधारता येतं, नंतर नाही.

सावळी_नवरी
मेकअप राहू द्या, एडिटिंगचं बोला. माझा रंग सावळा आहे, मला आवडतो. अल्बम आला तर मी त्यात नव्हतेच. गोरी केलेली, गाल मेणासारखे, लहानपणी झोपाळ्यावरून पडले त्याची हनुवटीवर खूण होती ती पण पुसलेली. कुणी विचारलं होतं? हिरवा चुडा तेवढा खरा, बाकी कुणी दुसरीच बाई. भिंतीवर मावसभावानं मोबाइलवर काढलेला फोटो लावलाय.

लॉनवाला
ताई, वाईट वाटलं वाचून. पण दहातली आठ घरं स्वतःहून "जरा उजळ करा" सांगतात, पैसे तेच देणार, नाही कसं म्हणायचं?

सावळी_नवरी
घर म्हणजे कोण? नवरीला विचारा ना. चेहरा तिचा आहे.

खिडकीवाला_सांगली
+१. मी बुकिंगलाच नवरीला विचारतो, खुणा ठेवायच्या का. पिंपल काढतो, तो आठवड्यात जाणारच असतो, तीळ आणि व्रण हात लावत नाही. आणि सावळ्या चेहऱ्याला उजळ नाही, नीट एक्स्पोजर लागतं. शालूची जर चमकते म्हणून कॅमेरा अख्खी फ्रेम अंधारी करतो, चेहऱ्यावर स्पॉट मीटर करा, म्हणजे उजेड फक्त चेहऱ्यावरचा मोजा, शालूची जर थोडी पांढरी पडली तर पडू दे.

वधूमाय, तुमचं पटलं. गौरीहर कापून पोर्ट्रेट नकोच. मेकअपच अर्धा तास आधी सुरू करायचा, आधी मुलीला खाऊ घालायचं, आणि वीस म्हणजे वीस, मी मोबाइलवर अलार्म लावतो. एकच शंका, मुंडावळ्या बांधून काढू की आधी? मोत्यांची सावली गालावर येते.

वधूमाय
बांधूनच काढा. सावली येऊ दे.