मदत हवी आहे: सॉफ्ट कोरल दहा दिवसांपासून मिटलेलेच
नमस्कार मंडळी. माझ्या 200 लिटरच्या रीफ टँकमधला (प्रवाळांसाठीची खाऱ्या पाण्याची टाकी) टोडस्टूल लेदर कोरल (छत्रीसारखी टोपी असलेलं मऊ प्रवाळ) दहा दिवस झाले उघडलेला नाही. एरवी दिवे लागले की तासाभरात त्याचे पॉलिप (टोपीवरचे बारीक फुलांसारखे जीव) बाहेर येतात. आता टोपी आक्रसलेली आणि वर मेणासारखा चकचकीत पापुद्रा. लेदर मधूनमधून अशी कात टाकतो, म्हणून आठवडाभर हात लावला नाही. पण आता शेजारचे झोअँथिडही (बटणांसारखे छोटे प्रवाळ) मिटलेत, झेनियाची (सतत उघडझाप करणारं मऊ प्रवाळ) उघडझाप थांबलीये. जीव खालीवर होतोय.

खारटपणा (विशिष्ट गुरुत्व) 1.025, तापमान 25 अंश, अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल झेलायची क्षमता) 8.5 डीकेएच (तिचं एकक). रिफ्रॅक्टोमीटर (खारटपणा मोजायचं उपकरण) कॅलिब्रेट करून पुन्हा मोजलं, आकडा तोच. नायट्रेट आणि फॉस्फेट मात्र दोन्ही शून्य येतायत, खटकतंय ते हेच. सॉफ्ट कोरलना पाण्यात थोडं पोषण लागतंच ना? महिन्यापूर्वी फॉस्फेट रिमूव्हर (पाण्यातलं फॉस्फेट शोषणारा पदार्थ) टाकला होता, तो काढू का?

रात्री टॉर्च लावून पाहिलं, झोअँथिडवर कीड दिसली नाही.

लेदर पाण्यात रसायनं सोडतो, त्याने बाकीचे मिटले असतील का? अशी रसायनं शोषणारा अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन आजच बदललाय. आता आधी पाणी बदलू, की प्रवाह वाढवून पापुद्रा निघू देऊ? दोन्ही एकदम केलं तर फरक कशाने पडला ते कळणार नाही.