मदत हवी आहे : सांध्यांच्या बिंदूंवरून बागेतील काम ओळखणारे मॉडेल दुसऱ्या बागेत चुकते

दिंडोरीकर : द्राक्षबागेतील मजुरांच्या चित्रफितींवरून छाटणी, विरळणी (घडातील जादा मणी कात्रीने काढणे) आणि डिपिंग (घड कपातील द्रावणात बुडवणे) ही कामे ओळखण्याचा माझा अंतिम वर्षाचा प्रकल्प आहे. सांध्यांचे बिंदू काढून मी २०१८ सालचे एसटी-जीसीएन हे सांध्यांच्या हालचालींवरून क्रिया ओळखणारे मॉडेल शिकवले. दिंडोरीत अचूकता ९४ टक्के आली, निफाडच्या बागेत मात्र ते प्रत्येक फितीला विरळणीच म्हणते. सोमवारी सादरीकरण आहे, कृपया लवकर सांगावे.

गोदाकाठ : बिंदू कशाने काढले, किती ठेवले आणि ९४ टक्के कशावर मोजले, हे सांगितल्याशिवाय काय सांगणार?

मेनरोडवाला : मोबाइलऐवजी किनेक्ट हा अंतरही मोजणारा कॅमेरा घ्यावा. एनटीयू आरजीबी-डी हा मानवी क्रियांच्या ५६,८८० नमुन्यांचा प्रसिद्ध संच त्याच कॅमेऱ्यावर, प्रत्येक शरीराचे २५ सांधे टिपून तयार झाला आहे.

गोदाकाठ : तो बंद खोलीत चित्रित झाला आहे. किनेक्ट अवरक्त प्रकाशावर अंतर मोजतो, त्यामुळे भर उन्हात त्याची मापे बिघडतात. शिवाय कोणता कॅमेरा घ्यावा, हे कोणी विचारलेले नाही.

दिंडोरीकर : मीडियापाइप या शरीराचे बिंदू काढणाऱ्या साधनाच्या ३३ बिंदूंपैकी १७ ठेवले. मजूर पाच होते. फितींचे दोन-दोन सेकंदांचे तुकडे करून ते पिसले आणि वीस टक्के चाचणीसाठी काढले.

गोदाकाठ : मग एकाच फितीचे शेजारचे तुकडे प्रशिक्षण आणि चाचणी दोन्हीकडे गेले आणि मॉडेल कामाऐवजी माणूस ओळखायला शिकले असावे. वर सांगितलेल्या संचात ४० व्यक्तींपैकी २० प्रशिक्षणासाठी आणि उरलेल्या २० चाचणीसाठी ठेवतात, ते याचसाठी. तुम्ही दर वेळी एक मजूर पूर्ण बाजूला ठेवा, कमरेचा मध्य शून्य धरा आणि सर्व अंतरांना धडाच्या लांबीने भागा.

ओझरचा बागायतदार : मला संगणकातले फारसे कळत नाही, परंतु तिन्ही कामांत हात मांडवाकडेच असतात. विरळणीत मनगट जवळजवळ स्थिर राहते आणि बोटे कात्री चालवतात, तर डिपिंगमध्ये कप खालून वर येऊन घडापाशी क्षणभर थांबतो. तुमच्या बिंदूंत बोटे आहेत का? निफाडला छाटणी चालू होती का?

दिंडोरीकर : छाटणी नव्हती, फक्त विरळणी आणि डिपिंग होते; हे लिहायचे राहिले. बिंदू मनगटापर्यंतच आहेत.

गोदाकाठ : ३३ बिंदूंत अंगठा, तर्जनी आणि करंगळी होती, ती तुम्हीच गाळलीत. ती परत घ्या. कप मात्र बिंदूंत कधीच येणार नाही, त्यासाठी मनगटाभोवतीचा चौकोन कापून प्रतिमाही द्यावी लागेल.

दिंडोरीकर : बोटांचे बिंदू परत घेतले आणि एकेक मजूर बाजूला ठेवून मोजले, तर दिंडोरीतच ६१ टक्के आले. सोमवारी हाच आकडा दाखवावा का?

गोदाकाठ : हाच दाखवा, शेजारी जुना ९४ ठेवा आणि फरक का पडला ते सांगा.