मोबाइल एजंट: उगाच अडगळीत टाकलेली कल्पना?

भटका_कोड:
१०० जीबी लॉगमधून (सर्व्हरच्या नोंदींमधून) चाळीसेक ओळी हव्यात. सगळा ढीग नेटवर्कवरून ओढून आणायचा, की शोधणारा प्रोग्रामच तिकडे धाडायचा? मोबाइल एजंट म्हणजे हेच. चालता चालता थांबायचं, कोड आणि आतापर्यंतची स्थिती गाठोड्यात बांधायची, दुसऱ्या मशीनवर पुढे चालू. १९९०च्या दशकात जनरल मॅजिक कंपनीच्या टेलिस्क्रिप्ट या भाषेत यासाठी चक्क 'गो' ही आज्ञा होती. मध्येच कनेक्शन तुटलं तरी एजंट पलीकडे राबत राहतो. एवढी चांगली गोष्ट आपण सोडून दिली.

शंकासुर:
सोडली नाही, दारातच अडवली. परका कोड माझ्या सर्व्हरवर मी का चालवू? १९८८चा मॉरिस वर्म, इंटरनेटवर आपोआप पसरलेला प्रोग्राम, तोही असाच मशीनमागून मशीन हिंडला होता. बरं, मला वाचवायला सँडबॉक्स आहे, परका कोड कोंडून चालवायची जागा. एजंटला कोण वाचवणार? भाव विचारत फिरणारा खरेदी-एजंट घ्या. तो तिसऱ्या विक्रेत्याच्या मेमरीत चालतोय, म्हणजे आधीचे दोन भाव त्या विक्रेत्याला उघडे. तो किंचित कमी भाव सांगेल, नाहीतर आधीचेच बदलून ठेवेल.

जुना_जावावाला:
'पुढे चालू' म्हणे! आयबीएमचे अ‍ॅग्लेट्स, म्हणजे जावातले मोबाइल एजंट, वापरलेत मी. जावात ऑब्जेक्टमधली व्हेरिएबल्स जातात, थ्रेडचा स्टॅक, म्हणजे प्रोग्राम नेमका कुठवर पोचलाय याची नोंद, जात नाही. लूपच्या मधोमध उडी मारली की ती जागा हरवली. कुठवर आलो होतो ते आपणच एखाद्या फील्डमध्ये लिहून ठेवायचं. मी विसरलो, आणि माझा एजंट प्रत्येक थांब्यावर पहिलंच काम इमानेइतबारे नव्याने करत फिरला.

भटका_कोड:
विक्रेत्याचं पटलं. पण सगळी मशीन्स एकाच मालकाची असतील तर? अनेक मशीन्सवर मिळून डेटा उपसणाऱ्या मॅपरिड्यूसनेही कोडच डेटाजवळ नेला ना?

शंकासुर:
नेला, पण कुठे जायचं ते कामं वाटणारा शेड्युलर ठरवतो. टास्क मेलं तर दुसरीकडे पुन्हा सुरू, विषय संपला. तुमचा एजंट सातव्या मशीनसकट गेला तर आधीच्या सहांची कमाईही गेली.

रानवारा:
सेन्सर नेटवर्कचं, म्हणजे रानात पसरलेल्या, रेडिओने बोलणाऱ्या सेन्सरच्या डब्यांचं, कुणी बोलतच नाहीये. तिथे रेडिओ चालला की बॅटरी भसाभस उतरते, त्यामुळे कच्चा डेटा जागच्या जागी आटवणं परवडतं. शिवाय काम बदललं म्हणून रानात जाऊन एकेक डबी कोण उघडणार? २००५च्या सुमारास सेन्सरसाठीच्या अ‍ॅजिला या एजंट-प्रणालीत वणव्याच्या कडेकडेने सरकणारे एजंट करून दाखवले होते.

शंकासुर:
आणि नोडच, म्हणजे ती डबीच, जळाला तर?

रानवारा:
म्हणून तर तो आधीच शेजारच्या नोडवर आपली नक्कल सोडतो.