शब्दचर्चा: 'प्रायमरी'ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न: भाषांतरात एक वाक्य आले आहे: 'अमेरिकेतील काही राज्यांत प्राथमिक निवडणुकांसाठी मतदानाची वयोमर्यादा शिथिल, १७ वर्षांच्या मुलांनाही मतदान.' शब्द बरोबर आहेत का?

प्रतिसाद १: 'प्राथमिक' नको. प्राथमिक शाळा, प्राथमिक आरोग्य केंद्र, पक्षाचे प्राथमिक सदस्यत्व अशा जागी तो शब्द इतका रुळला आहे की 'प्राथमिक निवडणूक' म्हटल्यावर ग्रामपंचायत डोळ्यांपुढे येते. पहिल्या उल्लेखात 'पक्षाचा उमेदवार ठरवण्यासाठीचे मतदान, म्हणजे प्रायमरी' असे लिहा आणि पुढे सरळ 'प्रायमरी' वापरा.

प्रतिसाद २: 'पक्षांतर्गत निवडणूक' चालेल की.

प्रतिसाद १: नाही चालणार. त्यातून पक्षाचा अध्यक्ष किंवा पदाधिकारी निवडणे असा अर्थ निघतो. शिवाय प्रायमरी बहुतेक ठिकाणी सरकारी निवडणूक यंत्रणाच घेते, आणि खुल्या प्रायमरीत पक्षाचा सदस्य नसलेलाही मत देतो.

प्रतिसाद ३: माझा आक्षेप 'वयोमर्यादा शिथिल'वर आहे. नोकरभरतीच्या जाहिरातींनी हा शब्दप्रयोग कमाल वयाला जोडून टाकला आहे. मर्यादा शिथिल झाली म्हणजे जास्त वयाचेही चालतील, असे वाचक समजतो. इथे 'मतदानाचे किमान वय' म्हणायला हवे. 'सतरावे वर्ष' असेही लिहू नका. सतरावे लागते तेव्हा सोळाच पूर्ण झालेली असतात. '१७ वर्षे पूर्ण' लिहा.

पण मुळात वय घटलेलेच नाही! ओहायो, इलिनॉय, व्हर्जिनिया, मेरीलँड या राज्यांत किमान वय १८च आहे. फक्त ते मोजायचा दिवस बदलतो. प्रायमरीच्या दिवशी १७ असलात तरी नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीपर्यंत १८ पूर्ण होणार असतील, तर प्रायमरीत मत देता येते. २०१६ साली मुख्य निवडणूक ८ नोव्हेंबरला होती. म्हणजे जुलै १९९८चा जन्म असेल तर मार्चमध्ये मत, डिसेंबर १९९८चा असेल तर नाही. दोघेही त्या दिवशी सतराचेच. यासाठी आपल्याकडे निवडणूक कार्यालयाचा नेमका शब्द तयार आहे: 'अर्हता दिनांक'. भारतात तो १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर असा चार वेळा येतो. सतरा पूर्ण झाल्यावर नमुना ६, म्हणजे मतदार नोंदणीचा अर्ज, आगाऊ भरता येतो, पण मत अठरानंतरच.

वय खरोखर घटवले ते वेगळेच. अमेरिकेत १९७१च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने २१चे १८, आपल्याकडे १९८९मध्ये एकसष्टाव्याने तेच. मेरीलँडच्या टकोमा पार्क शहराने २०१३मध्ये स्थानिक निवडणुकीपुरते १६ केले.

प्रतिसाद ४: यात आणखी एक खाच आहे, आणि ती शब्दाचीच आहे. ओहायोत सतराच्या मतदाराला उमेदवार 'ठरवण्यात' भाग घेता येतो, कोणाला 'निवडून देण्यात' नाही. त्यामुळे त्याच दिवशी शाळेसाठीच्या करवाढीवर मत घेतले तर त्यावर त्याला मत नाही. पक्षाच्या समिती सदस्यांसाठीही नाही, कारण ते तिथेच निवडून येतात. २०१६मध्ये राज्याच्या निवडणूक प्रमुखांनी हाच धागा पकडला: अध्यक्षपदाच्या प्रायमरीत पक्षाच्या अधिवेशनाला जाणारे प्रतिनिधी 'निवडून' दिले जातात, सबब सतराच्यांना ते मत नाही. मुले न्यायालयात गेली. १५ मार्चच्या मतदानाआधी चार दिवस न्यायाधीशांनी निकाल मुलांच्या बाजूने दिला. हा भाग मराठीत आणताना दोन्ही क्रियापदांना 'निवडणे' वापरले तर खटला कशावरून झाला तेच कळणार नाही. आणि 'नामनिर्देशन' लिहिले तर आपला वाचक उमेदवारी अर्ज भरणे समजेल. 'उमेदवार ठरवणे' आणि 'निवडून देणे' ही जोडी शेवटपर्यंत सांभाळा.

प्रश्नकर्ता: मग असे: 'नोव्हेंबरपर्यंत १८ वर्षे पूर्ण करणाऱ्यांना अमेरिकेतील काही राज्यांत १७व्या वर्षीच प्रायमरीत मत.'

प्रतिसाद ३: 'सतरा पूर्ण झाल्यावरच' करा. '१७व्या वर्षी'मध्ये पुन्हा तोच घोळ आहे.