'रीॲसॉर्टमेंट'ला मराठीत काय म्हणाल? (संदर्भ : सापांमधले विषाणू)

अनुवादी
बोआ आणि अजगरांना होणाऱ्या 'इन्क्लुजन बॉडी डिसीज'वरचा मजकूर मराठीत करते आहे. रोगाचं मूळ रेप्टअरेनाविषाणू. त्यांचा जीनोम (अख्खा जनुकसंच) आरएनएचा, दोन खंडांचा : लहान 'एस' आणि मोठा 'एल'. अडचण अशी, की एकाच वाक्यात रीकॉम्बिनेशन आणि रीॲसॉर्टमेंट दोन्ही आहेत. पहिल्याला 'पुनर्संयोजन' रुळलेलं आहे, दुसऱ्याला काय? शिवाय शीर्षक 'सर्पविषाणूंची आनुवंशिकी' असं दिलंय, तर वाचणाऱ्याला ते सापाच्या विषावरचं वाटतंय.

पेशीरंग
शीर्षक बदलाच. 'सापांमधल्या विषाणूंची जनुकरचना' चालेल. 'सर्पविषाणू'त वाचकाचा डोळा 'सर्पविष'वरच थांबतो, 'णू'पर्यंत पोचतच नाही.
दोन शब्दांतला फरक पत्त्यांवरून सांगता येतो. रीॲसॉर्टमेंट म्हणजे दोन कॅट एकत्र पिसणं. एका पेशीत दोन विषाणू शिरले, एकाचा अख्खा एल दुसऱ्याच्या अख्ख्या एसबरोबर बाहेर पडला. पत्ते शाबूत, डाव नवा. रीकॉम्बिनेशनमध्ये पत्ताच फाटतो : अर्धा बदाम, अर्धा किलवर, मधे जोड. तेव्हा रीॲसॉर्टमेंटला 'खंडांची पिसणी' म्हणा.

कोशकीटक
पिसणी? उद्या 'विषाणूने हुकूम टाकला' लिहाल. शास्त्रीय लेखनाला शास्त्रीय शब्द हवा, ज्याला प्रत्यय लागतील, ज्याचं विशेषण होईल. 'खंडविनिमय' घ्या. खंडविनिमयी, खंडविनिमित, सगळं सुखाने होतं.

पेशीरंग
'विनिमय'मध्ये एकास एक देवघेव गृहीत आहे, आणि या विषाणूंची गंमत नेमकी तिथेच आहे. 2015 साली पाळीव सापांमधल्या या विषाणूंचे 210 खंड तपासले, त्यांचे एलचे 23 आणि एसचे 11 जनुकप्रकार निघाले. एकेका सापात एलचे 11 पर्यंत, एसचे मात्र जास्तीत जास्त 4. म्हणजे कप चार आणि बशा अकरा. त्यातही 'एस-6' हा एकच कप बहुतेक ठिकाणी वरचढ. याला विनिमय कसं म्हणणार?

कोशकीटक
मग 'पुनर्वाटप'.

अनुवादी
ते रेशन दुकानासारखं वाटतं हो.

धातुपाठ
थोडं विषयांतर. लॅटिन 'वायरस' म्हणजे विषच, आणि तो शब्द संस्कृत 'विष'चा सख्खा नातलग आहे. 'विषाणू' घडवणाऱ्याने आजोबांचंच नाव नातवाला ठेवलं. 'सर्प' आणि 'सर्पेंट' हेही भाऊ, दोन्हींत सरपटणं. तेव्हा 'सर्पविषाणू' मुळातच उत्तम शब्द आहे. वाचक घाईत वाचतो हा शब्दाचा दोष नव्हे. आणि 'रेप्टाइल'ला 'सरीसृप' असताना 'सरपटणारे प्राणी' असं लांबण का लावायचं?

रानवाट
सरीसृपात कासव आणि मगर दोन्ही येतात. त्यातलं कोण सरपटतं? वर्गीकरणाचं म्हणाल तर मगर सरड्यापेक्षा पक्ष्यांच्या जवळची. व्युत्पत्तीवर गेलात तर कोंबडीपर्यंत पोचाल.

अनुवादी
पुढचा अडसर 'सेगमेंट' आणि 'फ्रॅगमेंट'. दोन्हींना 'तुकडा' चालेल का?

पेशीरंग
अजिबात नाही. सेगमेंट = खंड. तो पूर्ण असतो : एस सुमारे 3,400 न्यूक्लिओटाइडचा (आरएनएच्या माळेतले मणी), एल सुमारे 7,000चा, टोकं ठरलेली आणि एकमेकांना पूरक. फ्रॅगमेंट = तुकडा, म्हणजे नमुना नीट गोठवला नाही तर आरएनएचे होतात ते, किंवा वाचनासाठी आपण मुद्दाम करतो ते. 'जीनोम तुकड्यांत आहे' लिहिलंत तर वाचणारा म्हणेल, नमुना खराब झाला.
हा फरक कामात फार महाग पडतो. यकृतातून आरएनए काढायचा, सीडीएनए (आरएनएवरून केलेली डीएनए-प्रत) करून अनुक्रम वाचायचा, सापाची स्वतःची वाचनं (यंत्राने वाचलेले छोटे तुकडे) वगळायची, उरलेली जोडत सलग पट्टे करायचे ('कॉन्टिग'ला 'सलगी' सुचवू नका, तो शब्द लग्न झालेला आहे). एकाच सापात एलचे पाच-सहा सारखे प्रकार असले की जिथे दोन प्रकार तंतोतंत जुळतात तिथे संगणक रूळ बदलतो आणि जोडपट्टा तयार होतो. तो हुबेहूब पुनर्संयोजनासारखा दिसतो. सीडीएनए होतानाही विकर (एन्झाइम) एका साच्यावरून दुसऱ्यावर उडी मारतं. म्हणून संशयित सांध्यावरून आरपार जाणारी वाचनं आहेत का ते बघायचं, आणि सांध्याच्या दोन्ही बाजूंना प्रायमर (प्रत कुठून सुरू करायची ते ठरवणारे छोटे डीएनए-तुकडे) बसवून मूळ आरएनएपासून पुन्हा, स्वतंत्रपणे पीसीआर (तेवढ्याच भागाच्या प्रती वाढवणं) करायचा. एकाच प्रायमर-जोडीवर विसंबलं तर बाकीचे प्रकार दिसतच नाहीत.
अशा खोट्या सांध्याला मराठीत शब्द हवा. 'आभासी पुनर्संयोजन'?

कोशकीटक
'कृतक', म्हणजे बनावट. कृतकपुत्र, कृतककोप, तसं कृतकसंयोजन. बघा, संस्कृतकडे यावंच लागतं.

पेशीरंग
मान्य. हा घेतो. पिसणी मात्र सोडत नाही.

रानवाट
अनुवादीताई, तुमच्या मसुद्यात पुढे बोआलाही 'अजगर' केलंय का? तसं असेल तर परिच्छेद उलटा होईल. या रोगात अजगर लवकर ढासळतो : मान वाकडी, उलटा पडला तर सरळ होता येत नाही, मग मृत्यू. बोआ महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षं, धडधाकट दिसतो आणि पेशींमध्ये विषाणूच्या न्यूक्लिओप्रथिनाचे (त्याच्या आरएनएला गुंडाळणाऱ्या प्रथिनाचे) पिंड साठवत राहतो. 'बोआ'च ठेवा. 'मांडूळ'ही नको. ते त्याच गोतातलं असलं तरी इथे मांडूळ म्हटलं की लोकांना तस्करीच आठवते.

अनुवादी
दोन्हीकडे अजगरच झालं होतं, दुरुस्त करते. पण त्याच वाक्यात बोआला 'वाहक' म्हटलंय, आणि पुढच्या ओळीत सापाच्या अंगावरच्या माइटलाही (गोचिडीच्या गोतातला बारीक जीव) 'वाहक', कारण रोग पसरवण्याचा संशय तिच्यावर आहे. एक कॅरिअर, एक व्हेक्टर.

कोशकीटक
व्हेक्टरला 'संक्रामक'.

पेशीरंग
संक्रामक तर रोग असतो. माइट 'पोचवणारी', बोआ 'बाळगणारा'. पोचवणी आणि बाळगणी.

कोशकीटक
आता 'बाळगणी'चं विशेषण करून दाखवा.