फेविक्विक, सिलिकॉन उघडल्यावर टिकवायचं कसं?

सिडकोवासी: नाशिकला पावसाळा लागला की उघडलेली फेविक्विक दगड होते, फटी बुजवायच्या सिलिकॉनची ट्यूबही नोझलमध्येच जमते. फ्रिजमध्ये ठेवावं का?

पंचवटी_हार्डवेअर: दोन्ही हवेतल्या ओलाव्यानेच घट्ट होतात, म्हणून पावसाळ्यात जास्त त्रास. फेविक्विकचं तोंड कोरड्या कापडाने पुसा, झाकण लावा, ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या बरणीत उभी ठेवा. बरणी फ्रिजमध्ये चालेल, फक्त बाहेर काढल्यावर तासभर उघडू नका. थंड नळीवर दव धरलं तर सगळं मुसळ केरात! सिलिकॉनला फ्रिजची गरज नाही. नोझलमधून थोडा माल बाहेर येऊ द्या, त्यात लांब स्क्रू खुपसा, वरून टेप. पुढच्या वेळी स्क्रू फिरवून ओढला की जमलेला बोळाही निघतो. बोळा तुटून आत राहिला तर नोझलच बदला, स्वस्त असतं.

सुतारकाम_नाशिकरोड: पांढऱ्या फेविकॉलचं उलटं, त्यातलं पाणी उडून तो वाळतो. डब्याच्या काठावरचा वाळलेला थर खरवडा, नाहीतर झाकण नीट बसत नाही. फ्रीझरमध्ये कधीच नको, गोठला की फाटतो. एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीतही नको.

सिडकोवासी: आणि दोन ट्यूबमधला माल मिसळून लावायचं अ‍ॅरल्डाइट?

पंचवटी_हार्डवेअर: दोन्ही ट्यूबची झाकणं अदलाबदल करू नका, तोंडच चिकटतं. एम-सीलचे (गळती बुजवायची लांबी) मिसळायचे दोन गोळेही वेगवेगळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळा.

सुतारकाम_नाशिकरोड: सनमायका चिकटवायच्या सोल्युशनचा डबा मात्र गॅसच्या शेगडीपासून लांब. वाफ पेट घेते.